दोरीचे दुसरे टोक

‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच’ ही म्हण आपल्या आळसाला फार सोयीची पडली आहे. कोगनोळीत सायंकाळी फिरावयास निघणारे आपलेच सुशिक्षित गृहस्थ पाहावेत. हातात साखळी, साखळीला वीतभर उंचीचा पॉमेरेनियन आणि पावलागणिक एक हिसका. वर तक्रार अशी की, जनावरच अवखळ!

ज्यांच्या वाडवडिलांनी कासरा सैल ठेवून नुसत्या शब्दावर औत हाकले, त्यांना ही विद्या परकी वाटावी, हे नवल. दोरी ताणली की आपण थांबावे, सैल पडली की चालावे, शेजारून शांत चालले की तत्क्षणी लहानसा घास द्यावा. ओढून पुढे जाता येत नाही, एवढे त्या जीवाला उमगले की पुरे. रोज दहा मिनिटे; आधी अंगणात, मग गल्लीत. मालमोटारींच्या गोंगाटाचा महामार्ग सर्वांत शेवटी.

‘धाक हवाच’ असे म्हणणारे भेटतील. त्यांनी ध्यानात घ्यावे की, पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत श्वासनलिका खचण्याचा विकार आढळतो आणि गळ्यावरील ताणाने तो बळावतो. अशा कुत्र्यास गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा बांधावा. अवाजवी आखूड वा जड साखळीने जनावर दीर्घकाळ जखडणे १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरविले. हिसक्याचा न्याय मात्र आपणच करावयाचा आहे.

नृसिंहवाडीस आपण भक्तिभावाने जातो. दत्तगुरूंच्या तसबिरीतील चार श्वानांच्या गळ्यात दोर नसतो; तरीही ते पायाशीच असतात. तेव्हा शेपटाला बोल लावण्यापूर्वी दोरीच्या दुसऱ्या टोकाचा हात तपासावा.