डोंगर वाहून गेला, कागद कपाटात राहिला



वैनगंगेच्या खोऱ्यात सोनझरी लोक नदीची वाळू लाकडी परातीत धुऊन सोन्याचे कण काढत. त्याने नदी मेली नाही. पण हेच काम कंपनीच्या हातात गेलं की काय होतं, ते अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या मालाकॉफच्या खाणीवर दिसतं.

तो डोंगराळ मुलूख निसेनान आदिवासींचा. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि बाहेरची माणसं लोंढ्याने आली. १८५३ पासून नवी पद्धत निघाली. वरून पाटाने पाणी आणायचं आणि लोखंडी नळातून तोफेसारखं डोंगरावर मारायचं. दरडीचा चिखल होऊन खाली आला की तो लांब लाकडी पन्हळीत सोडायचा. पन्हळीच्या तळाला आडव्या पट्ट्या आणि त्यांत पारा. जड सोनं पारा धरून ठेवतो, बाकी सगळं नदीत. मालाकॉफला सुमारे ७,००० फूट लांब आणि जागोजाग ६०० फूट खोल खड्डा झाला.

खाली युबा नदीचं पात्र गाळाने भरलं, शेतं गाडली गेली. १८७५ साली मेरिसव्हिल शहरात पूर शिरला. मग खालचे जमीनमालक कोर्टात गेले. ७ जानेवारी १८८४ ला न्यायाधीश सॉयर यांनी हुकूम दिला, नदीत गाळ सोडायचा नाही. कंपनी हरली. मोठीच गोष्ट झाली. पण ऐकलं कोणाचं? ज्यांच्याकडे आपल्या सातबारासारखे कागद होते, त्यांचं.

कागद तर आदिवासींनाही दिला होता. १८५१-५२ मध्ये सरकारी कमिशनरांनी कॅलिफोर्नियातल्या आदिवासींशी १८ करार केले. जमीन राखून ठेवू, असं वचन दिलं आणि मुखियांच्या खुणा घेतल्या. १८५२ साली सिनेटने ते करार नामंजूर केले आणि गुप्त ठेवले. ते उघड झाले १९०५ साली! तोवर डोंगर वाहून गेला होता.

आज तिथे सरकारी उद्यान आहे. उघडे कडे, पाणी काढायचा बोगदा, जुने नळ लोक बघायला जातात. गाळातला पारा मात्र अजून तिथल्या नद्यांच्या माशांत उतरतो.

आपल्यातले काही जण म्हणतात, वनहक्काचा दावा भरला, अंगठा दिला, झालं काम. माझं मत, नाही झालं. दाव्याची पोच घ्या. एक प्रत गावात ठेवा. नकाशा आणि ठराव ग्रामसभेच्या वहीत आपल्याच माणसाने लिहावा. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा, कारण ६० दिवसांत अपील करता येतं.

आणि आपले अवशेष आपणच मोजू या. जुनी विहीर, बांध, मसणवट, देवाचं ठिकाण, हे सगळं वनहक्क कायद्यात पुरावा म्हणून चालतं. म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. म्हातारी माणसं आहेत तोवरच तो घेता येईल. येत्या ग्रामसभेत पहिलं काम हेच धरा.

साहेबाच्या कपाटातल्या कागदावर गाव सोडू नका.

जिंदाबाद!