माशीचा डोळा आणि अनुदानाची कात्री

अमेरिकी सरकारने मे २०२५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची संशोधन अनुदाने रद्द केली, तेव्हा चर्चा झाली ती विद्यापीठीय स्वायत्ततेची. त्याच तडाख्यात 'फ्लायबेस' हा फळमाशीच्या जनुकांचा, १९९२ पासून जतन केलेला माहितीकोशही सापडला. सप्टेंबरमध्ये संघीय न्यायालयाने ही कपात बेकायदा ठरवली. मात्र केळ्यांवर घोंघावणाऱ्या माशीवर सरकारी पैसा का उधळावा, हा प्रश्न जुनाच आहे आणि तो केवळ अमेरिकेत विचारला जातो असेही नाही.

त्याचे एक उत्तर माशीच्या डोळ्यात आहे. १९३० मध्ये हर्मन मुलर यांना क्ष-किरणांचा मारा केलेल्या माश्यांच्या संततीत चित्रविचित्र डोळ्यांच्या माश्या आढळल्या. काही भाग लाल, काही पांढरा. लाल रंगासाठी आवश्यक असलेले जनुक नष्ट झाले असते, तर संपूर्ण डोळा पांढरा दिसायला हवा होता. प्रत्यक्षात जनुक शाबूत होते, बदलली होती ती त्याची जागा. गुणसूत्र तुटून उलटे जोडले गेल्याने ते घट्ट वळकटी झालेल्या भागाच्या शेजारी जाऊन पडले होते. शेजार वाईट, म्हणून बोलती बंद! ही वळकटी काही पेशींत जनुकापर्यंत पसरते, काहींत अलीकडेच थांबते. एकदा झालेला हा निर्णय पुढच्या पेशींकडेही वारशाने जातो. म्हणूनच डोळ्यात ठिपके नव्हे, सलग पट्टे उमटतात. तेच जनुक पुन्हा मोकळ्या भागात आले की लाल रंग परततो.

डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवर रासायनिक खूण करणारी विकरे ही वळकटी घडवतात. सारा एल्गिन यांच्या प्रयोगशाळेने १९८६ मध्ये माशीत एचपी-१ हे प्रथिन शोधले. हिस्टोनवरील विशिष्ट खुणेला ते चिकटते, हे २००१ मध्ये उलगडले. ही खूण करणाऱ्या विकराचे जनुक आधी माशीत सापडले, ते डोळ्यांचा रंग पालटणाऱ्या उत्परिवर्तनांचा माग काढताना. त्याच्या मानवी भावंडाचे काम २००० मध्ये स्पष्ट झाले. सत्तर वर्षांचा हा प्रवास, आणि बराचसा केवळ डोळे न्याहाळत केलेला.

जनुके गप्प करणारी अशीच दुसरी यंत्रणा 'पॉलीकोम्ब' नावाने ओळखली जाते. तिला हे नाव देणारे उत्परिवर्तन १९४७ मध्ये माशीतच नोंदले गेले. या यंत्रणेतील मानवी विकर ईझेडएच-२ याचे नावही माशीच्या 'एन्हान्सर ऑफ झेस्ट' या जनुकावरून पडले. काही कर्करोगांत हेच विकर बेताल होते. त्याला रोखणाऱ्या टॅझेमेटोस्टॅट या औषधास अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२० मध्ये एका दुर्मीळ सार्कोमासाठी मान्यता दिली. १९४७ मध्ये अनुदानाच्या अर्जात हा उपयोग कोणालाही लिहिता आला नसता.