पाच वेळा पुसलेला दिवा

प्रति,
महाव्यवस्थापक, जुन्या गाड्यांचे विक्री केंद्र, बेळगाव
(कंपनीचं नाव लिहीत नाही. आपण ओळखालच.)

महोदय,

तुमच्याकडून घेतलेल्या गाडीचा ‘चेक इंजिन’ दिवा परत लागला. काल सकाळी, तवंदी घाट चढताना. ही सहावी वेळ.

आपल्या वर्कशॉपची पाच जॉबकार्डं समोर ठेवून लिहितोय. पहिल्या वेळी ‘पेट्रोल खराब’. दुसऱ्या वेळी प्लग बदलले, १,६५० रुपये. तिसऱ्या वेळी पुढचा ऑक्सिजन सेन्सर, ४,८०० रुपये. चौथ्या वेळी थ्रॉटल बॉडी साफ, १,२०० रुपये. एकूण ७,६५० माझ्या खिशातून, कारण हे सगळं म्हणे ‘झीज होणाऱ्या भागांत’ येतं आणि वॉरंटीत बसत नाही. निपाणी ते बेळगाव पाच फेऱ्या, साडेसातशे किलोमीटर, टोल वेगळा. चहा मात्र दर वेळी मिळाला, त्याबद्दल आभारी आहे.

पाचव्या जॉबकार्डावर आपल्या माणसाने लिहिलं, ‘कोणताही कोड आढळला नाही.’ एव्हाना मी दोषाचे कोड वाचणारा नऊशे रुपयांचा स्कॅनर घेतला होता. घरी येऊन स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला. ‘कोड पुसल्यापासून धावलेले अंतर’ अशी एक नोंद गाडीचा संगणक ठेवतो. तिथे आकडा होता ७६. माझ्या दारापासून आपल्या गेटपर्यंत ७६ किलोमीटरच आहेत. नसलेला कोड पुसला कुणी? बॅटरी काढली होती म्हणाल, तर जॉबकार्डावर तसं एक अक्षर नाही.

कोड पुसला की दोष दिसला त्या क्षणाची नोंदही जाते. वेग, इंजिनचं तापमान, भार, सगळं. म्हणजे दर वेळी पुरावा तुम्हीच पुसलात आणि मलाच विचारलंत, ‘सर, नक्की कधी लागतो?’

कोड कोणता, ते तुमच्याच पहिल्या जॉबकार्डावर आहे : पी०४२०. नंतरच्या चार कार्डांवर तो लिहायचं बंद झालं. काल मी स्वतः वाचला, तोच निघाला. पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धूर नीट शुद्ध करत नाही. त्याच्या पुढे एक सेन्सर, मागे एक. पुढच्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ असा वरखाली होत असतो, कन्व्हर्टर चांगला असेल तर मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत राहतो. माझ्या गाडीत पुढचा नाचतो तसाच मागचाही नाचतो. तुम्ही बदललात तो पुढचा!

शेवटी निपाणीतल्या मेस्त्रीने गाडी रॅम्पवर घेतली आणि कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने टकटक केली. आत खुळखुळा वाजला. सिरॅमिकची जाळी फुटलेली. वेळ दहा मिनिटं, मजुरी शंभर रुपये. हे तुमच्या पर्यवेक्षकाला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, ‘तो सायलेन्सरचा भाग, वॉरंटी इंजिनची.’ दिवा इंजिनचा, दोष सायलेन्सरचा, खर्च गिऱ्हाइकाचा.

आता विक्रीच्या दिवसाचं बोलू. ताबा घेताना दिवा बंद होता, तिसऱ्या दिवशी लागला. हा दोष दोन सलग फेऱ्यांत सापडला तरच दिवा लागतो, म्हणून पुसल्यावर दोन-चार दिवस गाडी निर्दोष दिसते. मग पहिलं पुसणं गिऱ्हाइकाला किल्ली देण्याआधीच झालं होतं की नाही? पीयूसी दाखवू नका. पीयूसीचं यंत्र सायलेन्सरच्या तोंडाशी धूर मोजतं, गाडीच्या संगणकाला काही विचारत नाही.

तीन ईमेल आणि एक रजिस्टर पत्र यांना उत्तर नाही. पत्राची पोचपावती माझ्याकडे आहे.

पंधरा दिवसांत नवा कन्व्हर्टर बसवून ७,६५० परत करा, नाहीतर गाडी घेऊन पूर्ण पैसे द्या. यावेळी स्कॅनर माझा असेल आणि कोड पुसण्याआधी नोंदीचा फोटो निघेल.

जिल्हा ग्राहक आयोग बेळगावातच आहे. गाडीची किंमत ३ लाख ४० हजार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.

आपला,
निपाणीचा एक गिऱ्हाईक