यंत्रावर विसंबताना
बर्म्युडाहून बॉस्टनकडे निघालेले ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज १० जून १९९५ रोजी अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ उथळ वाळूत रुतले. जीपीएसच्या अँटेनाची केबल निघाली होती. यंत्र वेग आणि दिशेवरून नुसता अंदाज बांधत होते, जहाज मार्गापासून १७ मैल भरकटले होते आणि सुमारे ३४ तास कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. जाणती माणसेही यंत्रापुढे अशी गाफील का होतात? पुढे जॉर्ज मेसन विद्यापीठात प्राध्यापक झालेले भारतीय वंशाचे मानसशास्त्रज्ञ राजा परशुरामन यांनी हाच प्रश्न अनेक वर्षे अभ्यासला. १९९३मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रयोगातून दाखवले की, हाताशी इतर कामे असताना स्वयंचलित यंत्रणा कायम एकसारखी चालत राहिली, तर तिची चूक नजरेतून निसटते. तिची अचूकता कमी-जास्त होत राहिली, तर माणूस अधिक सावध असतो. १९९७च्या निबंधात त्यांनी आणि व्हिक्टर रायली यांनी उलट धोकाही मांडला: खोटे इशारे वारंवार वाजले, की लोक उपयोगी यंत्राकडेही दुर्लक्ष करतात. तेव्हा दोष एकट्या माणसाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. आपण अंदाजाने बोलतो आहोत, हे यंत्राने ठळकपणे सांगितलेच पाहिजे आणि तशी रचना करणे ही बनवणाऱ्यांची जबाबदारी आहे.