टाकाऊ मालाचा भाव कुणाच्या पदरात?



कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्यांचा कोळंबीशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध हिशेबाचा आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आपली कितीतरी पोरे कारखान्यांत राबायला गेली. तिथल्या मासळीबाजारात रोज डोकी, आतडी, सालपटे यांचा ढीग उरतो. तो कचऱ्याच्या गाडीत जातो, नाहीतर नाल्यातून वालधुनीत आणि उल्हास नदीत. उत्तरेला पालघरच्या किनाऱ्यावर तलावांत कोळंबी पाळतात. त्या शेतकऱ्याचा निम्मा किंवा त्याहून जास्त खर्च खाद्यावर होतो, कारण खाद्यातली मासळीची भुकटी महाग. एकीकडे प्रथिने नाल्यात, दुसरीकडे तीच पोत्यातून विकत!

तोडगा अवघड नाही. ताजे अवशेष दळून शंभर किलोला तीन किलोच्या आसपास फॉर्मिक आम्ल घालतात. काही दिवसांत लगदा पातळ होतो, कुजत नाही. मग तो कोंड्यात मुरवून वाळवतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने मासळीच्या टाकाऊ भागापासून तलावांसाठी 'प्लँक्टन प्लस' बनवले आहे. पथ्ये मात्र दोन. कोळंबीची कच्ची डोकी कोळंबीलाच घालायची नाहीत. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने १९९४ पासून तलावच्या तलाव बसवले आहेत. आणि अवशेष बाजारातच वेगळे काढायचे. रसायनाच्या नाल्याला लागलेला माल खाद्यात चालणार नाही.

आता आपल्या घरचा हिशेब. क्विंटलभर कापूस जिनात गेला की रुई निघते चौतीस किलोच्या आसपास, बाकी बहुतेक सरकी. तिचे तेल होते, पेंड होते. कोळंबीचीही डोकी-साले काढली की चाळीस-पन्नास टक्के वजन बाजूला पडते. दोन्हीकडे गोष्ट एकच: पिकवणाऱ्याच्या दारातून माल बाहेर पडला, की मग त्याच्या 'टाकाऊ' भागाला भाव येतो.

सरकीची पेंड कोळंबीच्या खाद्यातही थोड्या प्रमाणात चालते. तिच्यात गॉसिपॉल हे विष आहे आणि लायसिन कमी. विष काढावे लागते. लायसिनची तूट मासळीचे अवशेष भरून काढतात. म्हणजे शहरातला तो ढीग वाया जातो, तेव्हा आपल्या पेंडीचेही एक गिऱ्हाईक बुडते.

आम्ही अनुदान मागत नाही. प्रक्रियेची मोकळीक, वीज आणि खुला बाजार मागतो. पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने एक कागद आणावा: क्विंटलमागे रुई किती, सरकी किती, आणि सरकीचा भाव आपल्याला किती मिळाला. हिशेब हातात असला, की भांडता येते.