‘सगळं एकदम’ नको!

मंडळी, गेले पंधरा दिवस नेरूळच्या आमच्या घरात माझं आणि भाच्याचं भांडण चालू आहे. विषय ऐकाल तर हसाल. एक्सएमएल!

माझा ब्लॉग ब्लॉगरवर, ह्यांचा वर्डप्रेसवर. हे गेल्यावर ठरवलं, दोन्हींतलं लिखाण तारखेप्रमाणे एकत्र करून नातवंडांसाठी ठेवायचं. दोन्हीकडून ते एक्सएमएल फाईलमध्ये उतरवून घेता येतं. भाचा म्हणाला, "मावशी, एकच स्क्रिप्ट लिहितो, सगळं एकदम होईल."

झालं खरं. पण ह्यांनी माझ्या लेखांखाली लिहिलेल्या प्रतिक्रिया सुट्या होऊन भलतीकडे जाऊन बसल्या. "आमटीत मीठ कमी होतं" हे वाक्य कोकणच्या प्रवासवर्णनानंतर एकटंच!

कारण साधं. वर्डप्रेसच्या फाईलमध्ये प्रतिक्रिया लेखाच्या पोटात असतात. ब्लॉगरच्या फाईलमध्ये त्या लेखांच्याच रांगेत उभ्या असतात, आपण कुणाच्या ही खूण तेवढी जवळ बाळगून. तारखांचंही तेच. एकीकडे आधी वर्ष, दुसरीकडे आधी इंग्रजी वार. अक्षरांप्रमाणे लावल्या की सगळे शुक्रवार सोमवारच्या आधी!

भाच्याला हे माहीत असतं तर एका स्क्रिप्टनेही जमलं असतं, मान्य. पण माहीत नव्हतं, आणि चूक कुठे झाली ते त्या लांबलचक भेंडोळ्यात दिसेना. म्हणून माझा हट्ट, टप्पे करा. एक्सएसएलटी १९९९ पासून आहे, एक्सएमएलचं रूप बदलण्यासाठीच. आधी प्रतिक्रिया ज्याच्या त्याच्या लेखात घाला. मग दोन्हींच्या तारखा एका साच्यात. मग ‘डॉक्युमेंट’ फंक्शनने दुसरी फाईल आत घ्या. (नुसत्या एकाखाली एक चिकटवून चालत नाही, मूळ घटक एकच लागतो. एका घरात दोन कर्ते नकोत!) शेवटी क्रम लावून वाचायचं पान. एका टप्प्यातून निघालं ते पुढच्यात जातं, आणि मधली प्रत्येक फाईल उघडून बघता येते. पायऱ्या न दाखवता नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला मी वर्गात कधी पूर्ण गुण दिले नाहीत.

"मावशी, हे जुनं झालं, क्रोममधूनही काढणार आहेत." हो बाबा, २०२५ मध्ये गूगलने तसं जाहीर केलं. पण ते ब्राउझरपुरतं. माझं काम घरच्या संगणकावर ‘एक्सएसएलटीप्रोक’ करतो, त्याला ब्राउझर लागत नाही.

असो. शेवटचा टप्पा काल रात्री झाला. मीठ आता आमटीच्या लेखाखाली आहे, आणि त्याखाली मी ह्यांना दिलेलं उत्तरही.