पूर्वपक्ष शिकवणारा वर्ग

बारावीनंतर मुलाने किंवा मुलीने बी.ए.ला तत्त्वज्ञान हा विषय घ्यायचे म्हटले की घरात पहिला प्रश्न निघतो तो नोकरीचा. प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. पण त्याआधी हा विषय शिकवतो तरी काय, हे ठरवले पाहिजे. जीवनाचा अर्थ, मनःशांती, अध्यात्म अशी उत्तरे सहज दिली जातात. माझ्या मते विद्यापीठातल्या तत्त्वज्ञानाचे काम याहून नेमके आहे. आपल्याला न पटणारे मत इतक्या प्रामाणिकपणे मांडायला शिकायचे, की ते मानणाऱ्यानेही ‘हो, मला हेच म्हणायचे होते’ अशी कबुली द्यावी. या कामाला आपल्याकडे जुना शब्द आहे : पूर्वपक्ष.

न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार वेगळे केले आहेत. तत्त्व समजून घेण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडून काढणे ही वितंडा. वाद करायचा तर पूर्वपक्ष नीट मांडावाच लागतो. चार्वाकांचे ग्रंथ जवळजवळ सगळे लुप्त झाले. तरी त्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत पोचले, कारण विरोधकांनी ते खोडण्याआधी नोंदवले. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांनी, स्वतः वेदान्ती असूनही, ‘सर्वदर्शनसंग्रहा’चा आरंभ चार्वाकदर्शनानेच केला. विरोधकाने केलेली नोंद पूर्ण निर्मळ नसते, हे मान्य. पण ती शिस्त नसती तर एवढेही हाती लागले नसते.

ही शिस्त केवळ पोथ्यांत राहिली नाही. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने 1916 साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. तिथल्या मलकानी, दास आणि मूर्ती या तीन अभ्यासकांनी 1933 मध्ये ‘अज्ञान’ या एकाच संकल्पनेवर मिळून पुस्तक काढले आणि त्यात प्रत्येकाने आपापली स्वतंत्र भूमिका मांडली. 1983 साली पुण्यात मे. पुं. रेगे यांच्या पुढाकाराने पारंपरिक पंडित आणि आधुनिक पद्धतीने शिकलेले प्राध्यापक एकत्र बसले आणि बर्ट्रांड रसेलच्या विधानविषयक विचारांची चर्चा संस्कृतातून झाली. सर्वांत बोलके उदाहरण मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाच्या हाताखाली ते शिकले. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’वर गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये टीका केली, तेव्हा पुढच्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका छापली आणि तिच्यासोबत आपले सडेतोड उत्तर दिले. प्रतिपक्षाचे म्हणणे वाचकाच्या हाती देऊन मग त्याचा समाचार घेणे, हा आपल्या युक्तिवादावरचा खरा विश्वास होय.

यावर कोणी म्हणेल, संतांच्या भूमीत तत्त्वज्ञानासाठी विद्यापीठ कशाला? ते घरी वाचता येते. वाचावेच. पण ‘अमृतानुभवा’तले अज्ञानखंडन वाचताना ज्ञानदेव कोणाचे मत खोडत आहेत आणि त्या मताच्या बाजूने काय सांगता येते, हे कळल्याशिवाय त्या खंडनाची ताकद कळत नाही. एकटा वाचक आपल्याला पटते तेवढेच उचलतो. वर्गात मात्र शेजारी बसलेला हटकतो. दुसरा आक्षेप भाषेचा : हा विषय इंग्रजीतूनच खरा शिकता येतो, असे मानले जाते. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली मराठी तत्त्वज्ञान-महाकोशाचे तीन खंड 1974 सालीच सिद्ध झाले आहेत. शब्द आहेत; ते वर्गात वापरले गेले पाहिजेत.

आता नोकरीविषयी. तत्त्वज्ञानाची पदवी थेट नोकरी मिळवून देत नाही, आणि तसे आश्वासन देणे ही फसवणूक ठरेल. घरची ओढाताण असलेल्या विद्यार्थ्याने उपजीविकेचे दुसरे कौशल्य जोडीला घ्यावे, यात कमीपणा नाही. पण न्यायालय, वृत्तपत्र, प्रशासन, शाळा, ग्रामसभा, जिथे जिथे दोन बाजू ऐकून निर्णय करायचा असतो, तिथे पूर्वपक्ष समजणारा माणूस लागतो. त्याच्या अभावी सार्वजनिक चर्चेचा जल्प होतो आणि जल्पाची वितंडा.

सर्वांत अवघड आक्षेप उरतो. प्रत्यक्षातले वर्ग हे शिकवतात का? जिथे अभ्यास तयार नोट्स पाठ करण्यावर आणि ‘टिपा लिहा’वर आटोपतो, तिथे शिकवत नाहीत. पण त्यासाठी विषय बंद करणे हा उपाय नव्हे. परीक्षा बदलणे हा आहे. म्हणून अभ्यास मंडळांना विनंती आहे : प्रत्येक प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न असा ठेवा, की विद्यार्थ्याने स्वतःला अमान्य असलेले मत निवडावे आणि त्याची सर्वांत भक्कम बाजू लिहावी. गुण त्या मांडणीला द्या, खंडनाला नंतर.